हसा, पण बेतानं

१९२०च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडचे दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटनट्यांच्या दातांवर पातळ नकली पापुद्रे चिकटवू लागले. शिर्ली टेंपल या बालनटीचे दुधाचे दात पडले, तेव्हा पडद्यावर खिंडार दिसू नये म्हणून तिलाही ते लावत. चित्रीकरण आटोपलं की काढून ठेवायचे.

आपण फार पुढे गेलो. आता लग्नाच्या फोटोंसाठी नवरदेवही दात करून घेतात. पोर्सिलेनचा असा पापुद्रा, म्हणजे व्हेनिअर, बसवण्याआधी बहुधा दाताचं अर्धाएक मिलिमीटर इनॅमल तासतात. ते परत येत नाही. लग्नातून घटस्फोट तरी घेता येतो. लग्नाच्या फोटोंसाठी केलेल्या या दातांतून सुटका नाही. दहा-पंधरा वर्षांनी नवे बसवा, पुन्हा बिल भरा.

दवाखान्यात छटांची पट्टी ओठांशी धरतात. निसर्गतः सुळे बाकीच्या दातांहून जरा पिवळटच असतात, म्हणून डॉक्टर बिचारे मधली छटा सुचवतात. नवरदेवाच्या आईचं बोट मात्र थेट पट्टीच्या पांढऱ्याफेक टोकावर. ‘‘अहो डॉक्टर, एवढे पैसे मोजतोय, ते दिसायला नकोत का?’’

दिसतात की! वरची रांग बाथरूमच्या नव्या टाइल्ससारखी लखलखते आणि खालची वर्षानुवर्षांच्या चहाशी इमान राखून असते. फोटोग्राफर ‘स्माइल’ म्हणाला की नवरदेव फक्त वरचा ओठ उचलतो.

वर डॉक्टरांची तंबी : कडक काही पुढच्या दातांनी तोडायचं नाही. तेव्हा रुखवतातले डिंकाचे लाडू वऱ्हाडानंच फोडायचे आहेत.