नेरूळच्या रो-हाऊसमधील बिनतारी संपर्काविषयी एडिसनहून सादर केलेले टिपण

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबा व मातोश्री आई यांच्या चरणी चिरंजीव, सूनबाई व नातवंडे यांचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

घरातील बिनतारी संपर्क म्हणजे राउटर नावाच्या पेटीने रेडिओ तरंगांच्या साहाय्याने घराच्या प्रत्येक खोलीतील फोन, टीव्ही व संगणक यांच्याशी चालवलेला दुतर्फा संवाद होय. या व्याख्येतील ‘प्रत्येक खोलीतील’ आणि ‘दुतर्फा’ हे दोनच शब्द महत्त्वाचे असून दुकानदाराच्या तोंडी नेमके तेवढेच येत नाहीत. नवा राउटर कोणता घ्यावा हे ‘कारणांसह लेखी कळवावे’ अशी तीर्थरूपांची आज्ञा झाली असल्याने प्रस्तुत पत्राने टिपणाचे रूप धारण केले आहे. ज्यांची उभी नोकरी फायलींवर ‘कारणे नमूद करावीत’ असा शेरा मारण्यात गेली, त्यांच्यापुढे ‘अमुक घ्या, चांगला आहे’ एवढी तोंडी शिफारस टिकणार नाही, याची चिरंजीवांना शालेय वयापासून कल्पना आहे.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960च्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली आणि 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली, तेव्हा रस्ते, रेल्वे, पाणी आणि निचरा या सर्वांचा विचार झाला. घराच्या आत रेडिओ तरंग कसे फिरतील याचा विचार मात्र झाला नाही, आणि त्याबद्दल कोणालाही दोष देता येत नाही. वाय-फायचे पहिले मानक, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकच भाषा बोलावी यासाठीचा तांत्रिक करार, 1997 साली आले आणि तोवर नेरूळमधील विटा रचून झाल्या होत्या. रो-हाऊस हे दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेले, समोरून अरुंद आणि आत खोल गेलेले घर असल्याने त्याचा आकार आगगाडीच्या डब्यासारखा होतो. प्रकाशतंतूची तार आणणाऱ्या कारागिराने दारातून आत येताच दिसलेल्या पहिल्या खिळ्यापाशी आपले कार्य संपवले. त्यामुळे ओएनटी, म्हणजे काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारी पेटी, आज चपलांच्या कपाटावर विराजमान आहे. नातवंडांचे बोलणे बारा हजारांहून अधिक किलोमीटर, काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने, समुद्राच्या तळावरून विनासायास येते आणि चपलांच्या कपाटापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या दहा पावलांत अडकते.

या दहा पावलांचे भौतिकशास्त्र समजून घेणे भाग आहे. तरंगाची शक्ती किती घटली हे डेसिबल या एककात मोजतात. तीन डेसिबलांची घट म्हणजे शक्ती निम्मी आणि दहा डेसिबलांची घट म्हणजे शक्ती एकदशांश, त्यामुळे प्रत्येकी दहा डेसिबल खाणारे दोन अडथळे वाटेत आले की शंभरातला एकच भाग पलीकडे पोहोचतो. एडिसनमधील घर लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून उभारलेले असल्यामुळे तरंगांना तेथे भिंत असल्याचे फारसे जाणवत नाही (शेजारच्या खोलीतील घोरणाऱ्यालाही जाणवत नाही, हा भाग वेगळा). नेरूळच्या घरातील विटांच्या भिंती मात्र तरंगांचा चांगलाच वाटा ठेवून घेतात आणि सळयांच्या जाळीवर ओतलेला काँक्रीटचा स्लॅब तर त्यांना जवळजवळ परतच पाठवतो. त्यात स्वयंपाकघराच्या दाराशी मातोश्रींची स्टीलची मांडणी आहे. तरंगांच्या दृष्टीने धातूचा पत्रा म्हणजे आरसा असल्याने, चकलीपासून सांडग्यांपर्यंत सर्व डब्यांनी सजलेली ती मांडणी आलेला प्रत्येक संदेश पुन्हा हॉलकडे वळवते. पाणीही हे तरंग शोषते आणि मानवी देह बव्हंशी पाणीच असल्याने, गौरीजेवणाला बावीस माणसे जमल्यावर संपर्क मंदावतो, हे तीर्थरूपांचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. त्यावरून पाहुणे कमी करावेत हा त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र या टिपणाच्या कक्षेबाहेरचा आहे.

‘सर्वांत दांडगा राउटर आणावा, म्हणजे भिंतींचा प्रश्नच उरणार नाही’ हे मत नेरूळच्या सकाळच्या फेरफटका मंडळात प्रबळ असल्याचे कळते. या मताचा दोष ‘दुतर्फा’ या शब्दात सापडतो. राउटरने कितीही मोठ्याने ओरडले तरी फोनला आपल्या छोट्या बॅटरीवर आणि त्याहून छोट्या अँटेनावर उत्तर द्यावे लागते. तेव्हा दांडग्या राउटरमुळे फोनवर संकेताच्या सर्व रेघा उमटतात आणि तरीही कॉल तुटतो, कारण राउटरचे फोनला ऐकू येते पण फोनचे राउटरला येत नाही. ज्या घरात एकजण हॉलमधून मोठ्याने विचारतो आणि स्वयंपाकघरातून आलेले उत्तर न ऐकताच पुन्हा विचारतो, त्या घराला या घटनेचे वेगळे उदाहरण देण्याची आवश्यकता नाही.

आता तरंगांच्या पट्ट्यांकडे, म्हणजे वारंवारितेच्या ठरावीक टापूंकडे, वळता येईल, आणि हा भाग नवी मुंबईकरांना समजावणे सोपे आहे, कारण रेडिओ वर्णपट हेही एक नियोजित शहरच असून त्यातील प्रत्येक भूखंड सरकार वाटते. 2.4 गिगाहर्ट्झची पट्टी म्हणजे वाशी. ती जुनी, सोयीची आणि सर्वांच्या परिचयाची आहे. तिची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असल्याने ती भिंती त्यातल्या त्यात बऱ्या ओलांडते. परंतु तेथे गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. भारतात ही पट्टी 2005 साली परवान्याच्या अटीतून मुक्त झाली. तीत 1 ते 13 क्रमांकांच्या वाहिन्या असल्या तरी त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत की परस्परांना न खेटणाऱ्या वाहिन्या 1, 6 आणि 11 अशा तीनच निघतात, आणि सामाईक भिंतींच्या रांगेतील सर्व शेजारी त्या तिघींवर जमलेले असतात. वाय-फायच्या यंत्रांना आधी ऐकावे, कोणी बोलत नसेल तरच बोलावे, असा नियम घालून दिलेला आहे. तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला लागू नसला तरी यंत्रे पाळतात, आणि म्हणूनच गर्दीत ती वाट पाहत बसतात. 5 गिगाहर्ट्झची पट्टी म्हणजे खारघर, रुंद आणि मोकळी. 2018 साली तिचे भारतातील परवानामुक्त क्षेत्र बरेच वाढले. मात्र तिची तरंगलांबी सहा सेंटिमीटरांच्या आत असल्याने ती भिंतीपाशी लवकर दमते. तिचे मधले काही भाग रडारबरोबर वाटून घेतलेले असून तेथे रडारची चाहूल लागताच राउटरला जागा खाली करावी लागते. सबब 36 ते 48 या वाहिन्यांवर मुक्काम ठेवणे शहाणपणाचे. 6 गिगाहर्ट्झची पट्टी म्हणजे नैना, अर्थात नकाशावर मोठ्या हौसेने रंगवलेले पुढचे शहर.

याच तिसऱ्या पट्टीमुळे चिरंजीवांनी अमेरिकेतून बॅगेत घालून राउटर आणावा, हा नातेवाइकांमध्ये लोकप्रिय असलेला प्रस्ताव फेटाळावा लागतो. अमेरिकेने एप्रिल 2020 मध्ये 5925 ते 7125 मेगाहर्ट्झ हा संपूर्ण टापू घरगुती वापरासाठी खुला केला, तर भारत सरकारने मे 2025 मध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यात त्यातील 5925 ते 6425 एवढाच खालचा भाग होता. आणि अमेरिकेत विकलेल्या राउटरला अमेरिकी नियमच शिकवून पाठवलेले असल्याने तो नेरूळमध्येही त्याच नियमांनी वागेल. शिवाय त्याच्या अडॅप्टरच्या चपट्या पिना भिंतीतल्या सॉकेटमध्ये नीट बसणार नाहीत, हमीपत्र येथेच राहील आणि बॅगेतील तेवढी जागा व्यर्थ जाईल. सूनबाईंच्या मते ती जागा उलट दिशेच्या प्रवासात गोड्या मसाल्याने भरता येते, आणि या मुद्द्यावर एडिसनमध्ये दुमत नाही.

खोक्यावरील आकडे हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. ‘एएक्स 3000’ यातील ‘एएक्स’ ही अक्षरे वाय-फाय 6 या पिढीची खूण असून 3000 ही संख्या 2.4 पट्टीवरील सेकंदाला 574 मेगाबिट आणि 5 पट्टीवरील 2402 मेगाबिट या दोन सैद्धांतिक कमाल वेगांची बेरीज वरच्या अंकाला नेऊन बनवलेली आहे. फोन मात्र सहसा एका वेळी एकाच पट्टीवर बसतो. नेरूळ स्थानकावरून सुटणाऱ्या ठाणे लोकलचा आणि सीएसएमटी लोकलचा वेग एकत्र मिळवून प्रवाशाला आपण किती लवकर पोहोचू हे सांगावे, तितकीच ही बेरीज उपयुक्त आहे. व्हिडिओ कॉलला सेकंदाला दोन-तीन मेगाबिट पुरतात, तेव्हा दरमहा अधिक पैसे भरून वेगवान योजना घेण्याचेही कारण दिसत नाही. अँटेनांच्या संख्येविषयी एवढेच सांगता येईल की उभ्या अँटेनाभोवती तरंग मेदुवड्याच्या आकारात पसरतात, मधल्या भोकात अँटेना आणि सभोवती वडा. म्हणून अँटेना सरळ उभ्या असल्या की त्यांचा भर त्याच मजल्यावर राहतो आणि वरच्या मजल्याला वड्याचा पातळ काठ तेवढा मिळतो. आठ अँटेनांचा, उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा दिसणारा जो राउटर तीर्थरूपांनी वाशीच्या दुकानात पाहिला, त्यालाही स्लॅब ओलांडताना हाच न्याय लागू होतो.

तेव्हा उपाय अधिक शक्तीत नसून अधिक ठिकाणांत आहे, आणि येथे रिपीटर व मेश यांतील भेद जाणणे अगत्याचे ठरते. रिपीटर म्हणजे पोवाड्यातील झिलकरी होय. शाहिराने म्हटलेले ऐकायचे आणि मग तेच पुन्हा म्हणायचे, हे त्याचे काम; आणि साधा रिपीटर ऐकणे व म्हणणे ही दोन्ही कामे एकाच वाहिनीवर आळीपाळीने करत असल्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. पोवाड्यात याने रंगत वाढते, व्हिडिओ कॉलमध्ये वाढत नाही. मेश म्हणजे एकाच नावाखाली व एकाच सांकेतिक शब्दावर चालणाऱ्या दोन-तीन पेट्यांचा असा संच की ज्यात घरातून फिरणाऱ्या फोनला एका पेटीकडून दुसरीकडे सोपवले जाते. याही पेट्या आपापसांत बिनतारी बोलू शकतात, परंतु त्यांच्यामध्ये तार घातली तर हवेतील सगळा अवकाश फोनसाठी मोकळा राहतो. बिनतारी संपर्काचे खरे औषध तार हे आहे, ही गोष्ट विक्रेत्यांना अडचणीची असली तरी तीर्थरूपांना आवडेल असे वाटते.

शिफारस अशी की दोन पेट्यांचा, वाय-फाय 6 पिढीचा आणि तारेच्या जोडणीची सोय असलेला मेश संच भारतातच विकत घ्यावा. वाय-फाय 7 ची प्रमाणपत्रे जानेवारी 2024 पासून मिळू लागली असली, तरी त्याची मुख्य शोभा त्या तिसऱ्या पट्टीवर आहे आणि मातोश्रींचा फोन वाय-फाय 5 चा आहे. पहिली पेटी जिन्याच्या पायथ्याशी, खांद्याच्या उंचीवर ठेवावी आणि दुसरी वरच्या पॅसेजमध्ये, कारण जिन्याच्या पोकळीत स्लॅब नसल्याने घरातील तेवढीच वाट तरंगांना मोकळी आहे. ओएनटी चपलांच्या कपाटावरच राहू द्यावी, तिचे स्वतःचे वाय-फाय बंद करावे आणि तेथून कॅट 6 प्रकारची तार केसिंग-पट्टीतून जिन्यापर्यंत व पुढे वर न्यावी. ही तार विजेच्या तारांच्या पाइपात कोंबण्याची सूचना इलेक्ट्रिशियनकडून येईल, ती मान्य करू नये. वीज गेल्यावर कॉल तुटू नये म्हणून तिन्ही पेट्यांना त्यांच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्टचे छोटे यूपीएस, म्हणजे बॅटरीचे डबे, लावावेत. वरची पेटी या बाबतीत हटकून विसरली जाते.

मातोश्रींनी सुचवलेल्या तीन जागांचा विचार आदरपूर्वक केला आहे. देव्हाऱ्याशेजारची जागा मध्यवर्ती आहे, पण तेथे समईची उष्णता आणि उदबत्तीची राख आहे. लोखंडी कपाटाच्या डोक्यावरची जागा उंच आहे, पण कपाट स्वतःच्या मागे तरंगांची सावली पाडते. मांडणीतील शेंगदाण्याच्या डब्यामागच्या जागेविषयी वर पुरेसे लिहिले आहे. पेटीवर क्रोशाचा रुमाल घालण्यास तरंगांची हरकत नाही, कारण सुती धागा त्यांना अडवत नाही. पेटीला मात्र गरम झाल्यावर श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो रुमाल पेटीखाली अंथरावा.

खरेदीपूर्वी तीर्थरूपांनी एक मोजणी करावी. सिग्नल मोजणाऱ्या ॲपमधील आकडे डीबीएम या एककात, उणे चिन्हासह येतात आणि कर्जाप्रमाणे उणे जितके लहान तितके बरे. उणे 50 उत्तम, उणे 67 पर्यंत कॉल सुखाने चालतो, उणे 80 च्या पुढे चेहरे गोठू लागतात. ओएनटीच्या शेजारी उभे राहून वेग पुरेसा येत असेल आणि स्वयंपाकघरात येत नसेल, तर दोष योजनेचा नसून भिंतींचा आहे हे सिद्ध होते. आलेखकागदावरील घराच्या नकाशात हे आकडे लाल शाईने भरून त्याचे छायाचित्र पाठवावे. ते गच्चीत उभे राहून पाठवल्यास लवकर पोहोचेल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. नातवंडांनी गेल्या वर्षभरात कॉल गोठल्यावर पडद्यावर राहिलेल्या आजोबांच्या मुद्रांचा संग्रह केला असून त्यात अर्धवट जांभई, चहाच्या कपामागील एक डोळा आणि ‘काय म्हणालास?’ या प्रश्नातील ‘का’ यांचे उत्तम नमुने आहेत. शिंकेचा नमुना मात्र अद्याप मिळालेला नाही. तेव्हा जुना राउटर निदान पुढच्या रविवारपर्यंत काढू नये, असा त्यांचा अर्ज सोबत जोडला आहे.