परसबागेचा जिओ-टॅग

लातूर जिल्ह्यात खरिपाची दोन पिकं निघतात, सोयाबीन आणि नीट. सोयाबीनला पाऊस लागतो, नीटला फी लागते. पहिल्या पिकाच्या पैशातून दुसऱ्याची फी भागली नाही की सातबाऱ्यावरचं एखादं एकर कमी होतं, आणि पोरगं डॉक्टर होईस्तोवर घरात त्या एकराचं नाव कुणी काढत नाही. चाकूर तालुक्यात आई, बाप, आजी, मास्तर आणि लातूरचा क्लासवाला या सगळ्यांचं एका मुद्द्यावर एकमत आहे. लेकरानं शेतीत राहायचं नाही. शासनाने नेमका हाच तालुका गाठून (म्हणजे गाठले सगळेच, पण आपण आपल्यापुरतं बोलावं) ठरवलं की लेकरांना शाळेत भाजीपाला लावायला शिकवायचं. नाव परसबाग.

यात शासनाने घाई केली असा आरोप कुणी करू नये. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिलं होतं. प्राथमिक शाळेत शेतीचं मूलभूत ज्ञान शिकवावं, असं त्यात होतंच. शिवाय शाळेला जोडून लहानशी नमुना शेती असावी, मुलांनी तिथं प्रत्यक्ष काम करत शिकावं, आणि ही शेती नीट चालवली तर देशाचं मोठं भलं होईल, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. शाळांमधल्या पोषण उद्यानांच्या मार्गदर्शक सूचना दिल्लीहून निघाल्या २०१९ च्या ऑक्टोबरात. मध्ये गेली १३७ वर्षं. शेतरस्त्यासाठी तहसिलात अर्ज केलेल्या माणसाला हा वेग बराच वाटेल. फक्त एवढ्या टेबलांवरून फिरता फिरता ‘नीट चालवली तर’ ही अट कुठल्या तरी टेबलाच्या खणात राहून गेली.

सूचनांमध्ये जागेची सबब कुणाला सांगता येणार नाही अशी तजवीज आहे. जमीन नसेल तर गच्चीवर लावा, कुंड्यांत लावा, डब्यांत लावा. आमच्याकडच्या कितीतरी शाळांना गच्ची म्हणजे पत्रे, आणि वैशाखात त्या पत्र्यांवर भाजी लावली तर ती चूल न पेटवता शिजेल. इंधनाची बचत हा निराळा मुद्दा झाला.

आता एक शाळा घेऊ. तिचं नाव विचारू नका, मी ती चार-पाच ठिकाणची वीट आणून बांधली आहे. शाळेमागं दोन गुंठे जागा, एका बाजूला पडकं कुंपण, त्यातून येणाऱ्या दोन शेळ्या. इथं परसबाग झाली. वाफे साधे आयताकृती काढले तर पाणी सरळ जातं, म्हणून ते टाळून भारताचा नकाशा काढला. राजस्थानात मेथी, बंगालात पालक, केरळात जागा उरली नाही म्हणून एकच मिरची. भोवतीनं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तिरंग्यात रंगवून उलट्या रोवल्या. प्रत्येक झाडापुढे पाटी. वांग्याचं रोप वीतभर, पाटी हातभर, पाटीवर ‘सोलॅनम मेलोन्जेना’. गुरुजींचं चुकतं असं नाही. तपासणीला येणाऱ्या कमिटीला वांगं लांबून ओळखू येत नाही, पाटी येते.

सातवीतला एक पोरगा त्या वाफ्यापाशी उकिडवा बसला होता.

“काय करलालास रे तिथं?”

“सर, शेंडे वाळलालेत. आत अळी हाय. शेंडे मोडून जाळावं लागतंय, न्हाईतर पुढं फळात घुसती.”

“कमिटी येऊस्तोवर हात लावू नको. झाड भुंडं दिसंल.”

पोरगा उठला. त्याच्या घरी वांग्याचा अर्धा एकर आहे, आणि अळी लागलेला शेंडा मोडून नष्ट करायचा हे त्याला चौथीपासून ठाऊक आहे. २०२२ साली शंखी गोगलगायींनी आपल्या जिल्ह्यातलं कोवळं सोयाबीन फस्त केलं, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचायला, मिठाच्या पाण्यात टाकायला अशीच लेकरं बांधावर होती. त्याचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे, हे कुणी सांगितलं नाही. शेतीविषयक जाणीवजागृतीचा मात्र रकाना होता. तिथं गुरुजींनी ‘उत्तम’ लिहिलं.

गुणांचा विषय निघालाच आहे तर बक्षिसांचंही बोलू. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यातल्या पहिल्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस ठेवलं होतं, आणि शाळेची परसबागही तिथं मोजली जायची. या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा असा मोह होतो, म्हणून ठेवतो. पहिली ते पाचवीच्या एका लेकराच्या एका दिवसाच्या जेवणाला, तांदूळ सोडून, म्हणजे डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण मिळून, मे २०२५ पासूनचा दर आहे ६ रुपये ७८ पैसे. सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. चाकूरच्या बाजारात या पैशात काय येतं ते बाजार करणारीला विचारा. मला विचाराल तर, कोथिंबिरीची जुडी येते, पण ती दिवस आणि भाजीवालीचा मूड बघून.

शाळेतल्या या जेवणाच्या नियमात लहान लेकराला रोज ५० ग्रॅम भाजी आणि मोठ्याला ७५ ग्रॅम भाजी द्यायची आहे. शंभर लहान लेकरांची शाळा धरा. रोजची पाच किलो भाजी झाली. शाळेचे दोनशे दिवस धरले तर हजार किलो, म्हणजे दहा क्विंटल. दोन गुंठ्यांत, त्यातही भारताच्या नकाशात, बाटल्यांचं कुंपण वजा जाता, शेळ्या वजा जाता, दहा क्विंटल भाजी. कृषी विद्यापीठांनी ताबडतोब या वाणाचा शोध घ्यावा. २०२४ च्या जूनमध्ये पाककृतींची नवी यादी आली, तिच्यात मूग-शेवगा वरणभात आहे. तेव्हापासून शाळाशाळांत शेवगा लावणं सुरू आहे. शेवगा बिचारा कमी पाण्यावर येतो, शेंगा भरपूर देतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण शेंग भरेस्तोवर शेवगा लावणाऱ्या गुरुजींची बदली होते, आणि नव्या गुरुजींना नकाशा महाराष्ट्राचा हवा असतो.

पाऊस पडला की शाळेच्या मागं आपोआप बरंच काही उगवतं. तांदूळजा उगवतो, घोळ उगवते, कुंजीर उगवते. बांधावरच्या बायका ही भाजी ओच्यात घेऊन घरी जातात. शाळेत हिचं नाव तण. कार्यानुभवाच्या तासाला आठवीच्या पोरांनी अख्खा तांदूळजा उपटून ढीग घातला आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाकिटातलं पालकाचं बी टाकलं, कारण यादीत पालक होता. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी तो ढीग बघितला, नखानं कोवळे शेंडे खुडले आणि दुपारच्या वरणात घातले. लेकरांनी दोनदा मागून घेतलं. या मावशींना महिन्याला अडीच हजार मानधन मिळतं. परसबागेतून आलेलं त्या सत्रातलं पहिलं आणि एकमेव उत्पन्न त्यांनी काढलं, आणि ते फोटोत आलं नाही, कारण ते परसबागेचं नव्हतं, उपटलेल्या परसबागेचं होतं.

आपल्याच तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे. उत्तरा नक्षत्रात माणसं लांबून येऊन त्या टेकडीवरचा औषधी झाडपाला खातात. ती झुडपं कुणा कमिटीसाठी लावलेली नाहीत, म्हणून त्यांना गुण नाहीत. बेटाला पहिलं बक्षीस मिळायचा संभव शून्य.

मे महिन्यात शाळेला सुटी लागते आणि परसबागेलाही लागते. हा मुद्दा कुठल्याही बैठकीत काढून पाहा, लोक घड्याळ बघायला लागतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही स्टेशनवर जाऊन त्या गाडीचं स्वागत केलेले लोक. असल्या जिल्ह्यात मुख्याध्यापकांनी सुटीत रोज सकाळी येऊन नकाशातल्या केरळच्या मिरचीला तांब्यानं पाणी घालावं, अशी अपेक्षा करणं म्हणजे देशभक्तीची परीक्षाच. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बाटल्या असतात, पाट्या असतात. बाकीचं नव्यानं लावता येतं. फोटो तर मागच्या वर्षीचेही चालतात, पण हल्ली जिओ-टॅग लागतो, त्यात तारीख येते, म्हणून गुरुजींना रोपवाटिकेतून तयार टोमॅटोची रोपं आणावी लागतात. फळ लागलेली असली तर उत्तम. ‘एक पेड माँ के नाम’ आलं तेव्हाही असंच झालं होतं. झाड एक, आया वीस, फोटो वीस.

सगळीकडे असंच होतं असंही नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथली पोरं शेती, गवंडीकाम, वेल्डिंग करत शिकली आणि गावाची खरी कामं करत शिकली. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’मधली पोरं कुदळ चालवत शिकून मोठी झाली. दोन्हीकडे पिकलेलं कुणीतरी खायचं किंवा विकत घ्यायचं. आपल्या परसबागेला गिऱ्हाईक एकच, पोर्टल. ते टोमॅटो खात नाही, पण रात्री बारा वाजता बंद पडतं.

नुसती टीका करून सदर लिहिण्याचे दिवस गेले, काही विधायक सुचवावं असं संपादकांचं म्हणणं पडलं. म्हणून सुचवतो. शेती शिकवायची तर अर्धी का शिकवता? वाफा आणि झारी हा शेतीचा सगळ्यात सोपा भाग आहे, तो लेकरांना येतोच. पुढचा भाग शिकवा. परसबागेची ई-पीक पाहणी करून घ्या. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ज्या पिकाची नोंद मोबाईलवर झाली नाही, ते पीक शासनाच्या दृष्टीनं उगवलेलंच नाही. शाळेची मेथी शिक्षण खात्याच्या पोर्टलवर आहे आणि महसूल खात्याच्या दृष्टीनं नाही, हे कोडं पाचवीच्या मुलांना सोडवायला द्या. यातून तर्कशक्ती वाढते.

मग शेळी आत सोडा. मेथी खाऊन झाली की मुलांनी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची. विमा कंपनीचा नंबर फळ्यावर लिहून ठेवा. तो लागत नाही, हेही शिक्षणच. एक रुपयातला पीक विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ ला गेला. त्या दोन तारखांच्या मधला काळ इतिहासाच्या तासाला घेता येईल. पंचनाम्याला वर्गातला सर्वांत हुशार मुलगा तलाठी करावा, आणि त्यानं तीन आठवडे शाळेत येऊ नये. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या भागात पाणी इतकं आलं की पिकासकट माती गेली. ज्यांच्या बापाची माती गेली ती लेकरं वर्गात बसलेलीच आहेत, त्यांना हा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. ती तोंडी घेतील.

गणिताचं तर सोनं होईल. एका शेतकऱ्याने दहा क्विंटल सोयाबीन आडतीवर नेलं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. खरेदी केंद्र अजून सुरू झालेलं नाही. आडत्यानं ओलावा जास्त आहे म्हणून भाव पाडला. हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं वजा करा. उरलेल्या पैशात लातूरच्या क्लासची फी किती टक्के भरेल? उत्तर ऋण आलं तर घाबरू नये, ते बरोबर आहे. हे उदाहरण सुटलेला मुलगा नीटला बसतोच, म्हणजे शाळेचा निकालही वाढतो.

एकच अडचण राहते, अंड्याची. २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. लेकरं बुधवारची वाट बघायला लागली. २०२५ च्या जानेवारीत निर्णय आला की अंडा पुलाव आणि नाचणीच्या सत्त्वासाठी शासन वेगळे पैसे देणार नाही, शाळेला हवं असेल तर लोकसहभागातून करावं. आता लोक म्हणजे कोण? तर सोयाबीनवाले, वर ज्यांचं उदाहरण ऋण आलं ते.

तेव्हा शेवटची विधायक सूचना. परसबागेत कोंबड्या ठेवाव्यात. प्रत्येक शाळेला किमान पाच, जागा नसल्यास गच्चीवर. कोंबडीला पाटी लावावी, ‘गॅलस गॅलस डोमेस्टिकस’. अंडं घातल्याबरोबर ते त्याच जागी, कोंबडीसह, जिओ-टॅग करून दुपारी दोनच्या आत पोर्टलवर चढवावं. कोंबडीनं सुटीच्या दिवशी अंडं घातल्यास ते पुढच्या कामाच्या दिवसात दाखवावं. आणि फोटो निघायच्या आत अंडं एखाद्या लेकरानं खाल्लं, तर मुख्याध्यापकांनी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, सोबत लेकराचा आधार क्रमांक जोडावा.