दाजींची माशी

सासुरवाडीत जावयाला कुणी खोडत नाही, इंदापूर तालुक्यात तर नाहीच. मी बारामतीत बँकेतले हिशेब तपासणारा माणूस. पण मेव्हण्याच्या बांधावर उभा राहिलो की तोंडातून शास्त्र आपोआप गळू लागतं.

टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा उठल्या होत्या. मी नुकतंच करवतमाश्यांवर पोटभर वाचलेलं. "करवतमाशी," मी जाहीर केलं. "मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्यांच्याच गणातली, पण हिला कंबर नाही. मादीच्या पोटाच्या टोकाला करवत असते. त्या करवतीनं पान चिरून ती आत अंडं घालते. काहींच्या अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खात सरकतात. भूर्जावरची एक युरोपातली, १९२३ साली अमेरिकेत सापडली…"

"हो दाजी," मेव्हणा म्हणाला. असा श्रोता मिळाल्यावर कोण थांबतो? खुरपणाऱ्या बायकांतली एक पुटपुटली, "नागअळी हाय ती." मी तिला उदार मनानं माफ केलं.

घात केला भाचीनं. ती बी.एस्सी. अ‍ॅग्रीला. "मामा, पान सोलून बघू या?"

उन्हात धरल्यावर दिसलं: रेघ दोऱ्यासारखी सुरू होऊन रुंद होत गेलेली, आत विष्ठेचे काळे ठिपके, कधी डाव्या कडेला, कधी उजव्या. पिनेनं पापुद्रा उचलला. टोकाला पिवळी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची अळी वळवळत होती. पाय नव्हते.

"पान पोखरणाऱ्या करवतमाश्यांच्या अळ्यांचे पायही आखूडच असतात," मी किल्ला लढवला. आणि हे खरं आहे!

"पण मामा, त्यांना डोकं असतं. हिला कुठंय?"

भिंग लावून शोधलं. डोकं नव्हतंच, तोंडाशी नुसते काळे आकडे. म्हणजे दोन पंखांच्या माशीची अळी, लिरिओमायझा, म्हणजे ती नागअळीच; १९९० च्या सुमारास परदेशातून आपल्याकडे आलेली. खुरपणाऱ्या बाईनं वर पाहिलंसुद्धा नाही, हे जास्त लागलं.

पान पोखरायचा धंदा माश्या, पतंग, भुंगेरे आणि करवतमाश्या असे चौघेही करतात, असं भाचीनं समजावलं. २०१४ मध्ये पुण्याकडं नोंद झालेली टोमॅटोची टूटा ही पतंगाची. ती रेघ न ओढता चट्टा पाडते. मी घाईघाईनं जालीम फवारणी सुचवली. त्यानं म्हणे नागअळीवर वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्याच आधी मरतात. करवतमाशीच्या गणातलं कुणीतरी शेतात होतं तर, पण ते माझ्या बाजूनं नव्हतं.

विषय बदलावा म्हणून मी घरच्यापुरत्या मुळ्याच्या वाफ्याकडं वळलो. पानावर काळपट अळी. "ही बघ, पतंगाची. साधी." बोट लावताच ती वेटोळं करून खाली पडली, मेल्याचं सोंग घेऊन. भाचीनं तळहातावर घेऊन पोटाखालचे पाय मोजले: आठ जोड्या. पतंगाच्या अळीला तिथं सहसा पाचाच्या वर नसतात. मोहरी-मुळ्यावरची करवतमाशी! पान न पोखरता उघड्यावर बसून खाणारी.

"दाजी, ऊन लागंल. सावलीत बसा," मेव्हणा म्हणाला.

बसलो, तेवढ्यात शेजारचा डाळिंबवाला बांधावरून ओरडला, "तुमच्याकडं किड्यांचं साहेब आल्यात म्हणं? आमच्या बागंत जरा पाठवा की!"

मी भिंग पुसून चप्पल शोधू लागलो.

"मी पण येते, मामा," भाची म्हणाली.