घोटभर पांडित्य

पेयपंडित ओळखायचा तो नाकावरून. पेला, कप, वाटी, काहीही हातात द्या, आधी त्याचं नाक आत जातं. दोन क्षण डोळे मिटतात, मान किंचित तिरकी होते आणि मग तो समोरच्याकडे बघतो. समोरच्याने 'काय वास आला?' असं विचारावं, ही त्याची अपेक्षा. पण कोणी विचारत नाही. समोरच्याचा कप तोवर रिकामा झालेला असतो.

हा गृहस्थ पुण्यात बाणेरला सापडतो, ठाण्यात घोडबंदर रोडला सापडतो आणि नाशकात गंगापूर रोडला जरा जास्तच सापडतो. वय पंचेचाळिशीच्या आसपास, फ्लॅटचे हप्ते संपत आलेले, मुलगा कॉलेजात. वीस वर्षांपूर्वी हाच माणूस व्हिस्कीत थम्सअप ओतायचा आणि मसाला शेंगदाण्यात कांदा कमी पडला म्हणून वेटरशी भांडायचा. त्या काळातल्या मित्रांना तो हल्ली टाळतो. ते साक्षीदार आहेत.

पंडिताच्या हॉलमध्ये भिंतीवर एक चौकट आहे. पाहुण्यांना वाटतं, पदवी असावी. जवळ गेल्यावर कळतं की तो मद्यप्राशनाचा आजीवन परवाना आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही जिवंत आहे आणि त्याच्या हिशेबाने प्यायला परवाना लागतो. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहितात ते त्यामुळेच. बिअर आणि वाइनला वय २१ पूर्ण हवं, त्याहून कडक काही हवं असेल तर २५. परवान्याचा नमुना असं गृहीत धरतो की धारकाला आपलं आरोग्य राखण्यासाठी मद्याची गरज आहे. बाकीचं जग हे वाचून हसतं. पंडिताने मात्र ते मनावर घेतलंय. बायको काही बोलायला लागली की तो भिंतीकडे बोट दाखवतो. सरकारी कागद आहे, त्याला तो तरी काय करणार?

दिवस चहाने सुरू होतो. इतरांच्या घरी चहा टाकतात, पंडिताच्या घरी तो मोजतात. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, चिनी मातीचं भांडं, वर झाकण, सहा मिनिटं. हे त्याच्या मनाचं नाही. 'आयएसओ ३१०३' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. चहा तपासणाऱ्यांना जगात कुठेही एकाच पद्धतीने केलेला कप मिळावा, म्हणजे तुलना करता येईल, एवढ्यासाठी ते बनवलं. त्याच पद्धतीचं ब्रिटिश मानक सहा पानांचं होतं आणि त्याबद्दल १९९९ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनला साहित्याचं 'इग नोबेल' मिळालं. हे पारितोषिक थट्टेचं असतं, हे पंडिताला ठाऊक आहे, पण सांगताना तो 'इग' हळू म्हणतो.

गंमत अशी की चहा चांगला होईल, असं ते मानक कुठेच म्हणत नाही. तो सारखा होईल, एवढंच म्हणतं.

साताऱ्याहून आलेल्या आईने दार्जिलिंगचा तो फिकट सोनेरी कप हातात घेतला, आत पाहिलं आणि काळजीने विचारलं, "दूध नासलं का रे?" पंडिताने पहिल्या बहराची पत्ती, दुसऱ्या बहराची पत्ती आणि तुडतुड्यांनी रस शोषल्यामुळे पानात येणारा द्राक्षासारखा गंध, असं सगळं समजावून सांगितलं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, "आता चहा टाकायला सांग तिला."

बायको चहा टाकते तो आलं ठेचून, दूध घालून, चांगला उकळून. पंडित तोंड फिरवतो. वास्तविक त्याने फिरवू नये. आपल्या डब्यातली दाणेदार चहा पावडर म्हणजे सीटीसी. पान चुरडायचं, फाडायचं आणि त्याच्या गोळ्या वळायच्या, अशी ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. या दाण्यातून रंग आणि कडकपणा झटपट उतरतो आणि दुधासाखरेपुढेही तो टिकून राहतो. म्हणजे ही पावडर उकळण्यात काही पाप नाही, ती त्याच कामाची आहे. पण पंडित एकदा अमृततुल्यवाल्याकडे वजनकाटा घेऊन गेला आणि पातेल्यात किती ग्रॅम टाकता, असं विचारता झाला. त्या माणसाने उकळत्या चहावरची नजर न काढता मूठ दाखवली. "एवढी." पंडिताने मुठीचा फोटो काढला.

अकरा वाजता कॉफी. त्यासाठी ओट्याचा अर्धा भाग कायमचा गेलाय: हाताने फिरवायची चक्की, बगळ्याच्या मानेची किटली, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा, थर्मामीटर. बिया चिकमगळूरच्या, भाजल्याची तारीख पाकिटावर छापलेली. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, तापमान ९३. पहिल्यांदा थोडंसंच पाणी ओतायचं आणि तीस सेकंद थांबायचं. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो बुडबुडून बाहेर पडतो. पंडित हे दृश्य दाखवायला घरातल्यांना हाक मारतो. सुरुवातीला सगळे यायचे.

त्याच्याकडे एरोप्रेस नावाची एक प्लॅस्टिकची नळीही आहे आणि तिला त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ती २००५ मध्ये बाजारात आणणारे अॅलन अॅडलर त्याआधी हवेत फेकायच्या चकत्यांसाठी प्रसिद्ध होते, ही माहिती मुलाने शोधून काढली. तेव्हापासून बापलेकात थोडं अंतर पडलंय. आणि कामाला येणाऱ्या मावशींनी पहिला घोट घेऊन जे म्हटलं, त्यावर अजून तोड निघालेली नाही: "दादा, साखर राहिली वाटतं. आणि दूध पण."

पण पंडिताचा खरा मुलूख वाइनचा. लंडनच्या एका संस्थेचा अभ्यासक्रम त्याने मुंबईत पूर्ण केलाय, दुसरी पातळी पास आहे. तिथून त्याने दोन गोष्टी आणल्या. एक वही, आणि दुसरं ते गंधचक्र. कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापक अॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचं एक चक्र छापलं. 'छान', 'भारदस्त' असं मोघम बोलण्याऐवजी नेमक्या वासाचं नाव घ्या, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तमच. अडचण एवढीच की चक्रातली निम्मी फळं पंडिताने आयुष्यात पाहिलेली नाहीत. ब्लॅककरंट त्याने फक्त आइस्क्रीममध्ये खाल्लंय. तरी वहीत पानोपानी ब्लॅककरंट.

एका रविवारी त्याने काबर्ने सोव्हिन्योंची बाटली उघडली. पेला फिरवला, नाक घातलं आणि वहीत लिहिलं: 'हिरवट, वनस्पतिजन्य, गुंतागुंतीचा.' बायको भाजी चिरता चिरता बाहेर आली, पेल्यावरून नाक फिरवलं आणि म्हणाली, "अहो, याला ढोबळी मिरचीचा वास येतोय." पंडित हसला. मग त्याने पुस्तक उघडलं. पायराझिन वर्गातला एक रेणू ढोबळी मिरचीत असतो आणि तोच काबर्नेतही असतो, असं तिथे स्पष्ट छापलं होतं. बायको तोवर आत गेली होती. तिच्या हातात ढोबळी मिरचीच होती.

नाशिकची वारी दर फेब्रुवारीत. तिथे १९९७ मध्ये राजीव सामंतांनी सोव्हिन्यों ब्लाँ आणि शनँ ब्लाँची लागवड केली, त्यातून सुला उभी राहिली, आणि २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं, हा इतिहास तो कसारा घाट चढता चढता गाडीतल्यांना ऐकवतो. वायनरीत पोचल्यावर तो चाखतो आणि थुंकतो. जाणकार थुंकतातच, नाहीतर दिवसभरात वीस वाइन्स चाखून शुद्धीवर राहायचं कसं? पण एकदा शेजारच्या टेबलावर ऑफिसची सहल होती. पैसे मोजून घेतलेली वाइन हा माणूस बादलीत थुंकतोय, हे बघून त्यांच्यातली एक बाई कळवळली.

मग तो दिंडोरीकडच्या एका बागेत शिरला. द्राक्षबागायतदार ब्रिक्स मोजत होते, म्हणजे मण्याचा रस मीटरच्या काचेवर टाकून साखर बघत होते. ती २२ च्या आसपास आली की वाइन बारा-साडेबारा टक्क्यांची होते. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे तेवढी थंडी नाही आणि वेलाला झोपही नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. हे सगळं त्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं. पंडिताला वेगळंच हवं होतं. "दादा, या मातीतली खनिजता वाइनमध्ये उतरते का?"

"मातीचं मागून बघू," ते म्हणाले. "आधी अवकाळी येऊन डाऊनी रोग उतरू नये म्हणजे झालं."

व्हिस्कीच्या बाबतीत पंडिताला सख्ख्या मामाने गाठलं. मामा शिरोळचे, ऊस उत्पादक, साखर कारखान्याचे सभासद. पंडिताने सिंगल माल्ट काढली आणि ड्रॉपरने पाण्याचे चार थेंब टाकले. थोड्या पाण्याने ग्वायाकॉल हा चवीचा रेणू पृष्ठभागाकडे येतो, असं २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी संगणकावर दाखवलंय, हेही सांगितलं. मामांनी स्वतःचा ग्लास नळाखाली धरला. मग पंडित म्हणाला, "मामा, तुमची नेहमीची व्हिस्की बरीचशी मळीच्या अल्कोहोलची. युरोपात तिला व्हिस्की म्हणूच देत नाहीत, तिथे धान्यच लागतं."

मामांचा चेहरा उतरला. "मळीला नाव ठेवू नगंस. त्या मळीच्या पैशावर तुझ्या आईचं लगीन झालंय."

पंडिताने विषय बदलला. बंगळुरूची अमृत सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन विकायला ठेवली, ही अभिमानाची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडमध्ये पिंपातली साधारण २ टक्के दारू वर्षाला उडून जाते, बंगळुरूच्या उन्हात १० टक्क्यांहून जास्त. या उडालेल्या भागाला देवदूतांचा वाटा म्हणतात. मामा पहिल्यांदा खुलले. "आमच्या कारखान्यात बी एवढंच उडतंय की. फकस्त देवदूत न्हाईत, संचालक हायत."

फ्रान्समधली एक गोष्ट पंडित दर पार्टीत सांगतो. बोर्दोत ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन गंधहीन लाल रंग घालून पुन्हा दिली. लाल पेल्याचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनचे शब्द वापरले. २००१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. हे सांगून पंडित मनापासून हसतो आणि हातातली बाटली फिरवून लेबल नीट वाचतो.

त्याच्या वहीत आता शेकडो नोंदी आहेत. रकाने ठरलेले: रंग, गंध, आम्लता, टॅनिन, अंगकाठी, शेवट, दर्जा. गुणवत्ता आणि वैयक्तिक आवड यांची गल्लत करायची नाही, ही अभ्यासक्रमाची शिकवण, आणि परीक्षकाला ती हवीच. मुलाने एकदा वही चाळली आणि विचारलं, "बाबा, यातली तुम्हाला आवडली कुठली?" पंडिताने वही हातात घेतली, मागेपुढे पाहिली. तो रकाना नव्हता. नवा आखायला जागाही नव्हती.

या विद्येचा उपयोग काय, असं सोसायटीत बरेच दिवस विचारलं जायचं. उत्तर अखेर उन्हाळ्यात मिळालं. कॉफीच्या पाण्यात विरघळलेले क्षार दशलक्षात १५० भागांच्या आसपास असावेत, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. आरओचं अतिशुद्ध पाणी कॉफीला मिळमिळीत करतं. म्हणून पंडिताने टीडीएस मीटर घेतला होता. टँकरच्या पाण्याने सगळ्यांचे गिझर चुन्याने भरायला लागले, तेव्हा कोणाला तरी त्याची आठवण झाली आणि वार्षिक सभेत पंडित एकमताने पाणी समितीवर गेला.

पहिला टँकर पहाटे आला. पंडित वाइनचा ग्लास आणि मीटर घेऊन खाली उतरला. पाणी ग्लासात घेतलं, ट्यूबलाइटसमोर धरलं, फिरवलं, नाक घातलं.

"दादा, पाणी कुठलं?"

"विहिरीचं."

"कुठली विहीर? खाली खडक की मुरूम?"

"मुरूम असंल."

पंडिताने वहीत मुरूम लिहिलं. मीटर ७८० वर थांबला. खात्रीसाठी त्याने घोट घेतला, तोंडात डावीउजवीकडे खळखळवला, ओठांतून थोडी हवा आत ओढली आणि शिकवल्याप्रमाणे एका धारेत कुंडीत थुंकला. ड्रायव्हर सगळं बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "चूळ भरून झाली असंल तर पाइप लावू का?"