कारवानीवाले आबा

जालना जिल्ह्यात देशमुखी गेली, वतने गेली, हाली सिक्का गेला, आणि अलीकडे पाऊसही पूर्वीच्या इमानाने येत नाही. परंतु या सर्व सत्तांतरांतून आणि अवर्षणांतून जो एक मनुष्यविशेष आपल्या ओसरीवर अभंग टिकून राहिला आहे, तो म्हणजे कारवानी कुत्र्यांचा जुना शिकारी होय. अंबड-घनसावंगीकडच्या गोदाकाठी, मंठ्या-परतुराच्या मुरमाड माळांवर, किंवा उत्तरेस भोकरदन-जाफराबादेत, जेथे अजिंठ्याचे डोंगर हळूहळू रानात विरून जातात, तेथे कोणत्याही जुन्या गावी चौकशी केली तर असा एखादा आबा हटकून सापडतो. त्याचे नाव निराळे, जात निराळी, क्वचित धर्मही निराळा असतो; पण गाव त्याला ‘कुत्रेवाले आबा’ एवढ्याच नावाने ओळखते, आणि त्या संबोधनात जितका उपहास असतो तितकाच आदरही असतो. आम्ही ज्या आबांविषयी लिहीत आहोत, ते या वर्गाचे मुखत्यार समजावेत.

आबांनी नव्वदी ओलांडली आहे. नक्की वय विचारले असता ते फसली सनात सांगतात, आणि ऐकणाऱ्याने त्यात पाचशे नव्वद मिळवून इसवी सन काढून घ्यावा अशी त्यांची अपेक्षा असते. कलेक्टराला ते अद्याप ‘अव्वल तालुकदार’ म्हणतात. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला ही वार्ता त्यांच्या कानी आलेली आहे, परंतु त्यांनी ती मंजूर केलेली नाही. कारण मुलखाच्या सीमा कचेरीत ठरतात हे तत्त्वच त्यांना मान्य नाही. फसली १३६० साली त्यांची बिजली नावाची कुत्री जेथवर एका दमात धावली तो आपला मुलूख, आणि जेथे थांबून पाणी प्याली तेथून परमुलूख लागला, अशी त्यांची साधी आणि निर्विवाद जमाबंदी आहे. डोक्याला पटका, अंगात बंडी, हाती बोरीची काठी, आणि डोळ्यांचे म्हणाल तर हातभर अंतरावर उभा असलेला नातू त्यांना आवाज दिल्याखेरीज ओळखू येत नाही, पण दोन शेतांपलीकडे तरवडाच्या जाळीत हललेला सशाचा कान मात्र दिसतो, असे ते शपथेवर सांगतात. ही शपथ पडताळून पाहण्याची सोय नसल्यामुळे गावाने ती रुजू करून घेतली आहे.

कारवानी हा कुत्रा व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर वायव्येकडून दख्खनेत उतरला असे समजतात. निमुळते लांब डोके, खोल छाती, पाठीला लागलेले पोट आणि उंच सडपातळ पाय अशी त्याची ठेवण असते. अंगावर रेशमी केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. तो जमिनीला नाक लावून माग काढीत बसत नाही. त्याची सारी शिकार नजरेची, म्हणजे सावज दिसले पाहिजे आणि मग वाऱ्याने लाजावे अशी धाव घेतली पाहिजे. अशा कुत्र्याच्या अंगावर चरबी चढणे हा आबांच्या लेखी जवळजवळ फौजदारी स्वरूपाचा गुन्हा आहे. कमरेच्या दोन हाडांमध्ये आपली चार बोटे आडवी ठेवून ते कुत्र्याची पारख करतात, आणि बोटे नीट बसली नाहीत तर त्या कुत्र्याच्या धन्याशी पुढे बोलत नाहीत. एकदा पुण्याहून आलेल्या एका दयाळू पाहुणीने ओसरीवरच्या कुत्र्याच्या बरगड्या पाहून डोळ्यांना पदर लावला आणि बिस्किटांचा पुडा पुढे केला. कुत्र्याने तो हुंगून मान फिरवली, आणि आबा शांतपणे म्हणाले, “बाई, ह्याची बरगडी दिसती म्हून तुम्ही रडता, ज्या दिशी ती दिसंनाशी होईल, त्या दिशी मी रडंन.”

वस्तुतः या कुत्र्याची उपासमार होते असे मानण्यास काडीचा आधार नाही. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे दोन्ही वेळ ठेवली जाते, आणि दुभत्या म्हशीची पहिली धार कोणाच्या वाट्याला जावी या प्रश्नावर त्या घरात गेली साठ वर्षे जो दावा चालू आहे, त्यात आजी वादी असून निकाल दरवेळी कुत्र्याच्या बाजूने लागतो. “मागल्या जन्मी पुण्य कमी पडलं म्हून बाई झाले,” असे आजी चुलीशी बसून सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, “कारवानी झाले असते तर दूध तरी भेटलं असतं.” यावर आबा काही बोलत नाहीत. जुन्या शिकाऱ्याला कधी गप्प बसावे हे समजते.

आबांच्या स्वतःच्या घराण्याचे कागदपत्र कोठे आहेत हे कोणासही ठाऊक नाही. शेताचा एक मुंतखब होता, तो १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गहाळ झाला म्हणतात. परंतु कुत्र्यांची वंशावळ लाल कापडी बस्त्यात सुरक्षित आहे, आणि पणजोबाचे नाव सांगताना अडखळणारे आबा बिजलीच्या सात पिढ्या एका श्वासात म्हणून दाखवितात. मुलींची लग्ने त्यांनी बैठकीत बसल्या बसल्या जमविली. कुत्रीला स्थळ पाहण्यासाठी मात्र ते उदगीरपर्यंत पायपीट करून आले, आणि नियोजित वराची आजी एकदा बसलेल्या सशावर भुंकली होती असे कळताच सुपारी न फोडता परतले. बसलेल्या सावजावर भुंकणे हे कुलशीलाला लांछन होय. घराण्याचा कुत्रा धावताना तोंडातून आवाज काढीत नाही. आवाज काढण्याचे काम मालकाचे.

आणि येथेच हे सांगितले पाहिजे की, आबांच्या मंडळींच्या शिकारीला एक कडक शिरस्ता होता. तुरी-ज्वारी निघून रान मोकळे झाले की पहाटेच्या गारव्यात निघावयाचे आणि दिवस कासराभर वर येण्याच्या आत परतावयाचे, कारण उन्हात हा कुत्रा जीव जाईतो धावतो आणि थांबण्याचे भान त्याला उरत नाही. काळे रान ओले असेल तर पट्टा सोडावयाचा नाही, कारण चिखलाचे गोळे पंजांना धरतात. निव्वळ खडकावरही नाही, कारण तळवे फाटतात. ससा उठल्यावर त्याला अंतर द्यावयाचे, आणि एका सशामागे दोनच कुत्री सोडावयाची: एकाने त्याला वळवावयाचे, दुसऱ्याने वळणावर गाठावयाचे. सशाचे मागचे पाय लांब असल्यामुळे तो सदा चढाची वाट धरतो, आणि चढावर कोणताही कुत्रा त्याच्यापुढे उणाच पडतो; म्हणून जाणता शिकारी टेकाडाच्या माथ्याशी उभा राहतो, आणि नवखा पायथ्याशी उभा राहून दैवाला दोष देतो. परतल्यावर घरात पाऊल टाकण्यापूर्वी कुत्र्याचे चारी पंजे मांडीवर घेऊन तपासणे, फाटला असेल तेथे हळद-तेल भरणे, आणि बाभळीचा काटा रुतला असेल तर तो दातांनी उपसून काढणे, हा विधी आबांनी आयुष्यात एकदाही चुकविला नाही. त्यांचे दात गेल्यावर हे काम नातवाकडे आले, आणि नातवाने चिमटा आणला तेव्हा आबांना एक युग संपल्यासारखे वाटले.

हे सर्व त्यांना कोणी शिकविले, असे विचारण्याचे धाडस कोणी केले तर त्याने संध्याकाळच्या जेवणाची आशा सोडावी. आबांच्या गोष्टींचे एक वैशिष्ट्य असे की त्या बहुतांशी खोट्या असल्या, तरी त्यांतील थोरवी त्यांनी स्वतःकडे कधीही घेतलेली नाही. ती एकतर कुत्र्याची असते, नाहीतर उस्तादांची. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवून झाला, आणि देवाच्या पायाशी असणाऱ्या प्राण्याचा मान म्हणून कुत्र्यांपुढे पाने मांडली, की आबा पूर्वेकडे तोंड करून आपल्या उस्तादांची नामावळी म्हणतात. त्यात पहिला एक रोहिला जमादार येतो, जो एका हाकेत धावते कुत्रे जागच्या जागी उभे करी. मग एक धनगर, जो मेंढरांच्या बुजण्यावरून लांडगा कोणत्या घळीत आहे ते सांगे. आणि सर्वांत शेवटी, आवाज थोडा चढवून, एक पारधी म्हातारा, ज्याला दिवसा पोलीस पाटलाच्या दारी हजेरी द्यावी लागे आणि पहाटे त्याच पाटलाच्या मुलाला ससा कसा ओळखावा हे शिकवावे लागे. पंगतीला जे एकत्र बसू शकले नसते, ते दरसाल या नामावळीत ओळीने बसतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, हे कोणी तरी आबांना सांगितले, तेव्हा ते गहिवरले खरे, पण लगेच म्हणाले, “समाधी बांधली ते ब्येस केलं. पर पट्टा ज्याच्या हातात व्हता, त्याचा दगड कुठंय?”

१९७२ साल या मुलखाने दुष्काळाचे म्हणून लक्षात ठेवले आहे. विहिरी आटल्या, दुष्काळी कामांवर खडी फुटू लागली, मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी घशाखाली उतरेनात. आणि त्याच सप्टेंबरात दिल्लीस वन्यजीव संरक्षणाचा कायदा संमत झाला. माणसांची भाकरी आणि कुत्र्यांचा रोजगार एकाच साली जावा, यात आबांना काही योगायोग दिसत नाही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळवीट गेला; पुढे सशालाही सरकारचे छत्र लाभले. आबांनी कायदा मोडला नाही. त्यांनी पट्टा खुंटीला टांगला, कुत्री मात्र ठेवली, आणि आजही पहाटे ते त्यांना माळावर मोकळे धावावयास नेतात. हल्ली हरिणांचे कळप हरभरा फस्त करतात तेव्हा गावकरी आबांकडे पाहतात, आणि आबा आकाशाकडे पाहतात.

त्यांचा खरा सल मुधोळ हा आहे. मुधोळच्या घोरपडे राजेसाहेबांनी याच जातीची जोडी पंचम जॉर्ज बादशहांना नजर केल्याचे सांगतात, आणि तेव्हापासून हा कुत्रा ‘मुधोळ’ म्हणून ख्यात झाला; कर्नाटक सरकारने तिम्मापुरास त्याचे संशोधन केंद्रही उभारले. आमच्या ओसरीवर जन्मलेल्या पोराने दुसऱ्या राज्यात आडनाव लावावे, असे हे दुःख आहे. २००५ च्या जानेवारीत टपालखात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली व त्यांत मुधोळ झळकला, तेव्हा आबांनी नातवाकडून एक तक्रारअर्ज लिहवून घेतला. चित्रातील कुत्र्याच्या कमरेत चार बोटे बसत नाहीत, असा त्याचा मथितार्थ होता. आणि दुसरे तिकीट हाताशी नसल्यामुळे अर्जाच्या पाकिटावर तेच लावावे लागले. उत्तर आले नाही. परंतु पुढच्याच महिन्यात इंग्लंडात कुत्र्यांकरवी शिकार करण्यावर बंदी अंमलात आली, हे वर्तमान नातवाने वाचून दाखविले, आणि आबांचा पुष्कळसा राग निवळला. “आमाला कळायला बहात्तर साल लागलं,” ते मिशीवरून हात फिरवीत म्हणाले, “त्यान्ला आजून तेहतीस वर्सं लागली.”

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ॲरियन नावाचा ग्रीक ग्रंथकार होऊन गेला. सिकंदराच्या स्वारीचा वृत्तान्त लिहिणारा म्हणून आपल्याकडे तो परिचित आहे. त्याने कुत्र्यांच्या शिकारीवरही एक ग्रंथ रचला, आणि खरा शिकारी सशाच्या मांसासाठी कुत्रा सोडीत नाही, तो दोघांची शर्यत पाहण्यासाठी सोडतो व ससा निसटला तर संतोषच पावतो, असा अभिप्राय त्यात नोंदविला. आबांनी ॲरियन वाचलेला नाही, तरी बहात्तरनंतर ते स्वतंत्र मार्गाने त्याच सिद्धान्ताला येऊन पोचले. मंठ्याच्या माळावरचा काळ्या मानेचा तो थोर ससा मूळ गोष्टीत बिजलीच्या दाढेतून घरी आला होता. पुढे एकदा ओसरीवर वनखात्याचा नाकेदार चहाला बसला असताना आबांनी सावधगिरी म्हणून त्याला काटेरी कुंपणातून निसटू दिले. नाकेदार गेला, तरी ससा परत धरला गेला नाही. उलट पुढच्या वेळी बिजलीने त्याला गाठून, हुंगून, आपण होऊन सोडून दिले. आबांना हा शेवट इतका आवडला की त्यांनी एकामागून एक सर्वच जुन्या शिकारींना तो लागू केला. कायद्याला पूर्वलक्षी अंमल नसतो असे वकील म्हणतात. आबांच्या ओसरीवर त्याने फसली १३६० पर्यंत मागे जाऊन सशांची सुटका केली आहे. बिजलीची धाव, रोहिल्याची हाक आणि पारध्याची नजर यांत मात्र एका अक्षराचा फरक पडलेला नाही. उस्तादांच्या मानाला लागणारे सर्व काही शाबूत ठेवून आबांनी फक्त सावज वगळले आहे.

या नव्या बखरीला आजतागायत एकच हरकत नोंदली गेली आहे, आणि ती माजघरातून आली. “सगळेच ससे सुटले म्हणता,” आजींनी विचारले, “तर मंग पाट्यावर मसाला मी कुणासाठी वाटत व्हते?”