रोहितांची मेजवानी

ठाण्याच्या खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ अशी बिरुदे प्राप्त झाली. परंतु ज्या शेवाळावर हे गुलाबी पाहुणे चोच उलटी धरून ताव मारतात, ते आपल्याच शहरांच्या सांडपाण्यावर पोसले जाते असे जाणकार सांगत असल्याने, या सन्मानात प्रत्येक नागरिकाने प्रातःकाळी नियमाने घातलेल्या भरीचीही दफ्तरी नोंद व्हावयास हवी. तिवरांच्या मुळांत गुंतलेल्या पिशव्या काढण्याची मोहीम समारंभपूर्वक पार पडते. तिचा फलक मात्र तिवरांतच राहतो. “पाखरं आली, बरं झालं,” एक कोळीण साहेबांना म्हणाली, “पण आमच्या निवट्या कंच्या दफ्तरात गेल्या?” साहेबांनी तक्रार दाखल करून घेतली. शेरा : मजकूर पाहिला.