चोवीस किलो आणि तिसरा मजला

देवनारला डोंगर नाही असं म्हणणाऱ्याने देवनार पाहिलेलं नाही. आमच्याकडे दोन आहेत. एक ट्रॉम्बेची टेकडी, तिच्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राचा पहारा. दुसरा कचऱ्याचा. १९२७ पासून मुंबई त्याच्यावर भर टाकते आहे. सह्याद्री झिजतो, हा वाढतो. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा धूर उपग्रहांनाही दिसला होता. पहिल्यावर जायला परवानगी नाही, दुसऱ्यावर लोक पोटासाठी चढतात, हौसेने कुणी नाही. अशा ठिकाणी राहून डोंगरात चालवायची विजेची सायकल घ्यायचं माझ्या मनात आलं, याचं सगळं श्रेय आमच्या मेहुण्यांना.

मेहुणे मुलुंडला राहतात. त्यांच्या कॉलनीमागून नॅशनल पार्कचा डोंगर सुरू होतो आणि तो आपल्या सोसायटीनेच बांधून घेतल्यासारखे ते बोलतात. त्यांच्या सायकल ग्रुपात दोन पक्ष आहेत. फुल-पॉवरवाले म्हणतात, मोटर ८५ न्यूटन-मीटर जोराची हवी, बॅटरी सहाशे-सातशे वॅट-अवरची हवी, मग सायकल चोवीस किलोंची झाली तर होऊ दे. लाइटवेटवाले म्हणतात, पन्नास-साठ न्यूटन-मीटर पुरे, बॅटरी साडेतीनशे-चारशेची, पण सायकल अठराच्या आत पाहिजे. गंमत म्हणजे कागदावर दोघींच्या मोटरी अडीचशे वॅटच्याच. युरोपातला नियम तसा आहे आणि आपल्याकडच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तीच मर्यादा आहे: अडीचशे वॅट आणि ताशी २५ किलोमीटर. त्याच्या आत राहिलात तर लायसन्स नको, नंबर प्लेट नको. मात्र हे अडीचशे म्हणजे मोटरला सतत झेपणारं काम. चढावर क्षणभर जोर लावायची वेळ आली की बॉशची दणकट मोटर सहाशेपर्यंत उसळते आणि टीक्यू कंपनीची नाजूक मोटर तीनशेला हात जोडते.

भाचा स्टुटगार्टला असतो. येताना एक घेऊन ये, असं त्याला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "मामा, सायकल आणतो, बॅटरी नाही." प्रवाशाला विमानातून १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही. म्हणजे फुल-पॉवर सायकल मुंबईत आणि पॉवर जर्मनीत.

शेवटी मेहुण्यांच्या ग्रुपातल्या दोघांनी, एकेका पक्षाच्या एकेकाने, आपापली सायकल एका रविवारपुरती दिली. शनिवारी संध्याकाळी टेम्पो आमच्या इमारतीखाली लागला. बकरी ईद तोंडावर होती. त्या दिवसांत देवनारच्या कत्तलखान्यात बोकडांचा प्रचंड बाजार भरतो, पार राजस्थानातून माल येतो, आणि आमच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी व्यापाऱ्यांचे घोळके उभे असतात. त्यातला एक पुढे आला. सवयीने त्याने जड सायकलीच्या पोटाखाली हात घातला, वीतभर उचलली आणि खाली ठेवली.

"कितना किलो?"

"चौबीस."

त्याने हलकी उचलली. "ये?"

"सत्रह."

"तो ये सस्ती होगी."

मेहुणे अभिमानाने म्हणाले, "नही, यही महंगी है."

कार्बनचा सांगाडा, छोटी मोटर, घटवलेला एकेक ग्रॅम असं मी बरंच समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, टपरीवाल्याला आमच्यासाठी दोन चहा सांगितले आणि पैसे स्वतः दिले. किमतीचे आकडे मी इथे देत नाही. घरी हा मजकूर वाचला जातो.

वॉचमनने दोन्ही सायकलींची जबाबदारी नाकारली. आमची इमारत जुनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरगुती गॅसचा रिकामा सिलिंडर पंधरा-सोळा किलोंचा असतो, भरलेला तिसाच्या आसपास. हलकी सायकल रिकाम्याच्या जरा वर, जड सायकल भरलेल्याच्या पाच-सहा किलो खाली. पण सिलिंडर जिन्यात आपल्या नडगीवर पेडल मारत नाही. हलकी मेहुण्यांनी खांद्यावर टाकली आणि शिट्टी वाजवत वर नेली. जडसाठी मात्र त्यांनी अक्कल लढवली. या सायकलींना एक बटण असतं. ढकलत नेताना ते दाबून धरलं की मोटर माणसाच्या चालीने, फार तर ताशी सहा किलोमीटरने, चाक फिरवते.

"भाऊजी, तुम्ही फक्त हँडल धरा."

धरलं. पुढचं चाक पायरीवर चढवलं, बटण दाबलं, आणि ८५ न्यूटन-मीटर जिन्याला लागले. पायरीमागून पायरी सायकल चढत गेली, मागून मी. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी वळलो, ती वळली नाही. तिथल्या काकूंच्या चपलांच्या रॅकमध्ये शिरून तिथेही ती चढण्याचा प्रयत्न करत राहिली, कारण माझा अंगठा बटणावरच होता. काकूंनी दार उघडलं, एक कोल्हापुरी मागच्या चाकातून सोडवून घेतली आणि विचारलं, "पेट्रोलची आहे का हो?" पुढचे दोन मजले ती सायकल दोन माणसांनी नेली.

रविवारी पहाटे निघालो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेवरून मानखुर्द आणि मानखुर्दवरून खाडीपूल. इथवर दोन्ही सायकलींत काही फरक कळला नाही. ताशी पंचविसाला दोघींची मोटर हात काढून घेते, आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर पंचविशी गाठायला पहाटे फार वेळ लागत नाही. त्यापुढे जड सायकल नुसती जड असते. पाम बीच रोडला नेरूळच्या पाणथळीत रोहित पक्षी अजून मुक्कामाला होते. मेहुण्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवून, "बघा, हलकं असण्याचे फायदे," असं म्हणून घेतलं.

बेलापूरच्या मागे पारसिक टेकडीचा चढ लागला आणि रोहित पक्ष्यांचा मुद्दा निकालात निघाला. मी 'टर्बो' लावला. मेहुणे तत्त्वाने 'इको'वर. त्यांच्या शेजारून जाताना मी फोनवर बोलत होतो, हे मुद्दाम केलं. दुसऱ्या वळणाला त्यांचं तत्त्व सुटलं आणि त्यांनीही सगळी ताकद उघडली.

या चढावर मला एक हिशोब पटला. पक्षाभिमान्यांना तो आवडणार नाही. दोनशे मीटर उंची चढायची असेल तर सहा-सात किलो जास्तीचं वजन वर न्यायला साडेतीन-चार वॅट-अवर लागतात. चारशेच्या बॅटरीतला हा जेमतेम एक टक्का. मोटर चालू असेतोवर चढाला वजनाचं काही वाटत नाही. वजन कळतं उतारावर. वर सायकली बदलल्या आणि एका मातीच्या वाटेने जरा खाली उतरून पाहिलं. जड सायकल दगडावरून जाते, हलकी दगडाला वळसा घालते. जडवर भरवसा वाटतो, हलकीवर मजा येते. माझ्या वयाला भरवसा बरा.

परतीच्या वाटेवर खाडीपुलावर समोरून वारा होता, आणि 'टर्बो'चा खर्च तिथे वसूल झाला. हलकीची बॅटरी संपली. ती पुन्हा मेहुण्यांकडेच होती. पण मोटर गेल्यावर ती निमूट साधी सायकल झाली आणि ते खरोखरच ती चालवत मानखुर्दला पोहोचले, हे मान्य केलं पाहिजे. जड सायकलीची बॅटरी संपली असती तर मी तरी रिक्षा केली असती. तिच्यात मात्र अजून निम्मी शिल्लक होती.

घरी आल्यावर चार्जिंगचा प्रश्न निघाला, आणि तिथे दोन्ही पक्षांचे जाहीरनामे उलटे झाले. हलक्या सायकलींपैकी अनेकींची बॅटरी सांगाड्याच्या आत कायमची बसवलेली असते, वजन वाचावं म्हणून. म्हणजे चार्जिंगला अख्खी सायकल तिसऱ्या मजल्यावर. जड सायकलीची बॅटरी बहुधा काढता येते, तीन-चार किलोंची. ती हातात घेऊन वर जायचं, सायकल खाली. वजनाच्या भीतीने हलकी घेणारा माणूस आयुष्यभर सतरा किलो चढवणार आणि जड घेणारा चार.

माझं मत तिथेच ठरलं: जड. पुण्याची ईमोटोरॅड २०२० पासून देशी विजेच्या सायकली बनवते, मागच्या चाकात मोटर असलेल्या. आमच्या रस्त्यांना तेवढी ताकद पुष्कळ होईल असंही मी बोलून पाहिलं, पण मेहुणे त्यावर मुलुंडला निघून जायच्या बेताला आले.

राहिला सायकल खाली ठेवायचा प्रश्न. एवढी महागाची वस्तू उघड्यावर नको, म्हणून जिन्याखालच्या कोपऱ्यात लोखंडी कडी ठोकायची परवानगी मागायला सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. म्हणाले, "आता कशाला ठोकाठोक करता? इमारत रीडेव्हलपमेंटला चालली आहे. दोन लिफ्ट, बेसमेंटला पार्किंग, प्रत्येक गाडीला चार्जिंग पॉइंट. थोडं थांबा."

"किती?" मी विचारलं.

"बिल्डर ठरला की लगेच."

मेहुणे मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "भाऊजी, लिफ्ट येणार असेल तर मग हलकीच घ्या की."